पुण्यात इंजिनिअरिंगचं कॉलेज निवडताना: काय वाचायचं, कुणाला विचारायचं, फॉर्म कसा भरायचा

सीईटीचा, म्हणजे राज्याच्या प्रवेशपरीक्षेचा, पर्सेंटाइल हातात आला की घराघरांत एकच प्रश्न सुरू होतो, "कुठलं मिळेल?" सिंहगड रोडपासून निगडीपर्यंत होर्डिंगवर पॅकेजचे मोठाले आकडे झळकतात. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेल्या वर्षीच्या कटऑफच्या पीडीएफ फिरतात. नात्यातला एखादा दादा सांगतो, काहीही कर पण कॉम्पच घे. या सगळ्या गडबडीत एक प्रश्न कुणी विचारत नाही: ही मुलगी किंवा हा मुलगा चार वर्षं रोज नेमकं काय शिकणार, आणि ते शिकवणारी माणसं त्या इमारतीत आहेत का?

विद्यार्थ्याच्या वाट्याला अख्खं कॉलेज कधीच येत नाही. त्याच्या वाट्याला येतो एक विभाग, म्हणजे त्यातले पंधरा-वीस शिक्षक, चार-सहा लॅब आणि वर्गातली साठ-सत्तर मुलं. एकाच कॉलेजात एक विभाग भक्कम आणि त्याच्या वरच्या मजल्यावरचा दुसरा खिळखिळा असू शकतो. म्हणून "कॉलेज कुठलं" असं न विचारता "कुठल्या कॉलेजातला कुठला विभाग" असं विचारायला हवं. त्याचं उत्तर शोधायला लागणारी बहुतेक माहिती उघड आणि फुकट मिळते. हजारो रुपये घेणाऱ्या समुपदेशकाकडे जाण्याआधी ती वाचावी, एवढ्यासाठी हा लेख.

आधी पर्सेंटाइल समजून घेऊ

आपल्या राज्याची सीईटी २०० गुणांची असते. गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे ५०-५० प्रश्न एकेका गुणाचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. परीक्षा अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते, म्हणून थेट गुणांची तुलना करता येत नाही. त्यासाठी पर्सेंटाइल काढतात. ९५ पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या सत्रातल्या शंभरातल्या ९५ मुलांचे गुण तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी. याचा ९५ टक्के गुणांशी काही संबंध नाही.

घरच्यांचा गोंधळ पुढे होतो. "९८ आणि ९९ मध्ये एकाचाच तर फरक!" समजा चार लाख मुलांनी परीक्षा दिली. मग एका पर्सेंटाइलच्या पट्ट्यात चार हजार मुलं बसतात. तुमच्या आणि तुमच्या मैत्रिणीच्या मधे चार हजार जण उभे आहेत आणि त्यांतल्या पुष्कळांना हवं आहे तेच कॉलेज, तीच शाखा. त्यामुळे पर्सेंटाइलपेक्षा राज्य गुणवत्ता यादीतला क्रमांक पाहायची सवय लावा. कटऑफच्या पीडीएफमध्ये दोन्ही आकडे दिलेले असतात.

बारावीकडे दुर्लक्ष करून चालत नाही. पात्रतेसाठी खुल्या प्रवर्गाला ठरलेल्या तीन विषयांत मिळून ४५ टक्के आणि राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ४० टक्के लागतात. जेईई मेन दिली असेल तर खासगी कॉलेजांतल्या अखिल भारतीय जागांसाठी तो गुणांकही उपयोगी पडतो. दोन्ही दारं उघडी ठेवलेली बरी.

पुण्यातली कॉलेजं एका जातीची नाहीत

शिवाजीनगरचं सीओईपी १८५४ साली सुरू झालं आणि २०२२ पासून ते स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. विश्वेश्वरय्या इथेच शिकले. प्रवेश अजूनही सीईटी आणि कॅपमधूनच, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांमधूनच होतो, आणि राज्यभरातली वरच्या क्रमांकाची मुलं इथे येतात. आंबेगाव तालुक्यात अवसरीला एक शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. शहरातल्या पालकांच्या ते डोळ्यांसमोरही येत नाही. हॉस्टेलला राहायची तयारी असेल तर यादी करताना ते नाव जरूर तपासा.

त्यानंतर येतात खासगी विनाअनुदानित कॉलेजं. धनकवडीचं पीआयसीटी, बिबवेवाडीचं व्हीआयटी, कर्वेनगरचं फक्त मुलींसाठीचं कमिन्स, निगडीचं पीसीसीओई, आणि वडगाव, नऱ्हे, ताथवडे, आकुर्डी, आळंदी, वाघोली असा सगळीकडे पसरलेला मोठा पसारा. यांतली काही स्वायत्त आहेत. स्वायत्त कॉलेज अभ्यासक्रम स्वतः ठरवतं, परीक्षा स्वतः घेतं, पदवी मात्र विद्यापीठाची मिळते. चांगल्या विभागाच्या हातात स्वायत्तता आली की अभ्यासक्रम लवकर बदलतो आणि निकालही वेळेवर लागतात. कमकुवत विभागात तीच स्वायत्तता गुण सढळ हाताने वाटायला वापरली जाऊ शकते. स्वायत्त नसलेल्या कॉलेजांत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा अभ्यासक्रम आणि विद्यापीठाचंच इनसेम-एंडसेम, म्हणजे सत्राच्या मधली आणि शेवटची परीक्षा. पेपर बाहेरचा असल्यामुळे तिथे निकालाला एक वेगळं वजन असतं. तेव्हा "ऑटोनॉमस आहे ना?" एवढं विचारून थांबू नका.

तिसरा गट अभिमत आणि खासगी विद्यापीठांचा. सिम्बायोसिस आणि भारती विद्यापीठ अभिमत आहेत. कोथरूडचं एमआयटी २०१७ पासून खासगी विद्यापीठ झालं. यांची प्रवेशप्रक्रिया आणि शुल्करचना वेगळी असते आणि राज्याच्या बऱ्याच शुल्क सवलती तिथे लागू होत नाहीत. तिथे जाऊ नये असं मुळीच नाही. मात्र चार वर्षांचा एकूण खर्च आधी मांडून मग जावं.

एनआयआरएफची पीडीएफ: सगळ्यात कामाचा कागद

माझ्याकडे कुणी सल्ला मागायला आलं की मी आधी ही फाइल उघडायला सांगतो. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला आपली माहिती एका ठरावीक नमुन्यात द्यावी लागते आणि ती स्वतःच्या वेबसाइटवर ठेवावी लागते. कॉलेजचा क्रमांक कितवा आला याला माझ्या लेखी फार महत्त्व नाही. फाइलमधला प्लेसमेंट आणि उच्च शिक्षणाचा तक्ता मात्र नीट वाचा. पहिल्या वर्षाला किती जण आले, डिप्लोमावरून थेट दुसऱ्या वर्षाला किती आले, ठरलेल्या मुदतीत किती पास झाले, किती जणांना नोकरी लागली, त्यांचा मध्यक पगार किती आणि पुढे शिकायला किती गेले, हे सगळं एका ओळीत असतं.

एक कल्पित उदाहरण घेऊ. पहिल्या वर्षाला ६०० जण आले, दुसऱ्याला आणखी ६०. मुदतीत ५६० पास झाले. नोकरी ३०० जणांना लागली, ७० जण पुढे शिकायला गेले. म्हणजे आत आलेल्या ६६० जणांपैकी नोकरी लागलेले साधारण ४५ टक्के. पण याच कॉलेजच्या माहितीपत्रकात ९० टक्के प्लेसमेंट छापलेलं असू शकतं, आणि त्यात खोटं काही नसेल! कारण माहितीपत्रकातली टक्केवारी बहुधा "पात्र आणि इच्छुक" विद्यार्थ्यांवर काढलेली असते. कंपन्या अटी घालतात: दहावीपासून सलग साठ टक्के हवेत, एकही केटी, म्हणजे नापास होऊन मागे राहिलेला विषय, शिल्लक नको. या चाळणीतून जे खाली गळले ते हिशोबातही नाहीत. तुमचा मुलगा त्या गळलेल्यांत नसेलच, असं प्रवेशाच्या दिवशी कुणाला सांगता येणार?

आता पगाराचा आकडा. दहा मुलांपैकी नऊ जणांना चार लाख आणि एकाला ४४ लाख मिळाले तर सरासरी येते आठ लाख. आठ लाखांची नोकरी मात्र एकालाही लागलेली नाही. पगाराच्या क्रमाने मुलांना रांगेत उभं केलं तर मधोमध जो येतो त्याचा पगार म्हणजे मध्यक. इथे तो चार लाख. होर्डिंगवरचा ४४ लाखांचा आकडा एका मुलाचा असतो, आणि त्यातही जॉइनिंग बोनस, कंपनीचे शेअर्स असं बरंच काही मिळवलेलं असू शकतं. हातात दरमहा येणारी रक्कम वेगळी. म्हणून मध्यक विचारा, आणि त्या आकड्यात किती मुलं धरली आहेत तेही विचारा.

या फाइलला मर्यादा आहेत. माहिती संस्थेनेच भरलेली असते आणि ती सगळ्या शाखांची एकत्र असते. कॉम्प्युटरच्या आकड्यांमागे सिव्हिलचे आकडे दिसेनासे होतात. म्हणून कॉलेजात गेल्यावर प्लेसमेंट ऑफिसात शाखावार यादी मागा: कंपनी, पद, किती जण, पगार. व्यवस्थित चालणारी ऑफिसं ती दाखवतात. टाळाटाळ झाली तर तीही माहितीच समजा.

दुसरा कागद एनबीए मानांकनाचा. नॅक आणि एनबीए या दोन्ही दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय यंत्रणा. नॅकचा दर्जा संपूर्ण संस्थेला मिळतो, एनबीएचं मानांकन एकेका शाखेला. म्हणजे कॉलेजच्या फाटकावर एनबीए लिहिलेलं असलं तरी तुमची शाखा त्यात आहे का आणि मुदत कधीपर्यंत आहे, हे पाहावं लागतं. नव्याने सुरू झालेल्या शाखेला ते नसणारच, कारण आधी मुलांच्या तुकड्या बाहेर पडाव्या लागतात. परदेशात पुढे शिकायचा किंवा काम करायचा विचार असेल तर आणखी एक बारकावा आहे. भारत २०१४ पासून वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य आहे आणि त्यामुळे एनबीएने मानांकित केलेल्या पदवीला सदस्य देशांत मान्यता मिळते, पण ती पहिल्या श्रेणीच्या, म्हणजे मुख्यतः स्वायत्त संस्थांच्या मानांकनाला.

तिसरी गोष्ट शिक्षकांची संख्या. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या निकषानुसार वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. २०२४-२५ पासून चांगल्या संस्थांना एका शाखेत किती जागा वाढवता येतील यावरची कमाल मर्यादा एआयसीटीईने उठवली, आणि कॉम्प्युटरच्या जागा झपाट्याने वाढल्या. जागा वाढवायला परवानगीचा कागद पुरतो, शिकवायला माणसं लागतात. हिशोब सोपा आहे. वर्षाला १८० जागा असतील तर चार वर्षांचे ७२० विद्यार्थी होतात आणि त्यांना ३६ शिक्षक लागतात. कॉलेजच्या वेबसाइटवर विभागाची शिक्षकयादी असते. नावं मोजा. पीएचडी किती जणांची आहे, रुजू होण्याची तारीख दिली असेल तर दहा वर्षांपासून असलेले किती आणि गेल्या जुलैत आलेले किती, ते पाहा. अर्ध्या तासाचं काम आहे. चार वर्षं आणि काही लाख रुपये जिथे गुंतवायचे तिथे तेवढा वेळ द्यायला हवा.

मग एकदा जाऊन या

ओपन हाउसच्या दिवशी जाऊ नका. साधा कामाचा दिवस निवडा आणि प्रवेश खिडकीच्या आधी कँटीनकडे वळा. तिसऱ्या वर्षाची मुलं सगळ्यात खरं बोलतात. पहिल्या वर्षाची मुलं नवी असतात आणि शेवटच्या वर्षाची नोकरीच्या विचारात. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना "कॉलेज कसं आहे?" असं विचारलं तर "चांगलंय काका" एवढंच उत्तर येईल. असं विचारा: या सेममध्ये मधेच शिक्षक बदलले का? प्रॅक्टिकलला स्वतः हात लावायला मिळतो की एकाने करायचं आणि बाकीच्यांनी बघायचं? सबमिशनच्या फायली स्वतः लिहिता की मागच्या वर्षीच्या उतरवता? मिनी प्रोजेक्ट खरंच करून घेतात का? लॅबमधलं कुठलं मशिन बंद आहे आणि किती दिवसांपासून? बाहेर जो टीपी म्हणजे टाइमपास म्हणून उडवला जातो, तो विषय इथे कोण शिकवतं?

विभागात एखादा क्लब जिवंत आहे का, तेही बघा. पुण्यात बाहा किंवा फॉर्म्युला स्टुडंट प्रकारच्या स्पर्धांसाठी गाडी बांधणाऱ्या, रोबोकॉनसाठी रोबो बनवणाऱ्या टीम्स पुष्कळ कॉलेजांत आहेत. वर्कशॉपच्या कोपऱ्यात रात्री आठला दिवा चालू असेल आणि चार मुलं चेसिसभोवती वाद घालत असतील, तर त्या विभागात शिकायला वाव आहे असं मी खुशाल समजतो. वर्गात न मिळणारं बरंच काही तिथे मिळतं: पैशांचा हिशोब, वेळेचं भान, आपली चूक दुसऱ्याने दाखवल्यावर ऐकून घेणं.

विद्यार्थ्याला बरोबर न्या आणि प्रश्न त्यालाच विचारू द्या. चार वर्षं त्याला काढायची आहेत.

शाखा

सध्या कॉम्प्युटर, आयटी, एआय-डीएस, एआय-एमएल, सायबर सिक्युरिटी अशी नावांची गर्दी आहे. अभ्यासक्रम शेजारी शेजारी ठेवून वाचले तर डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, नेटवर्क हा गाभा जवळपास सारखाच दिसतो. फरक तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या काही विषयांत. त्यामुळे जुन्या, माणसं टिकून असलेल्या आयटी विभागापेक्षा कालपरवा सुरू झालेला एआयचा विभाग केवळ नावासाठी वरचढ मानू नये. नवा विभाग वाईटच असतो असं नाही, त्याला मोजायची फूटपट्टी तीच: शिक्षक कोण.

मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, एन्टीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन), इन्स्ट्रुमेंटेशन यांच्याबद्दल पुण्यातल्या पालकांनी जो धसका घेतला आहे तो मला पटत नाही. निदान या शहरात तरी नाही. पिंपरीला टाटा मोटर्स, आकुर्डी-चाकणला बजाज, मुंढव्याला भारत फोर्ज, चिंचवडला थरमॅक्स, कोथरूडच्या टेकडीवर वाहनसंशोधनाची एआरएआय, भोसरी आणि चाकणला सुटे भाग बनवणारे अगणित कारखाने. मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याला इंटर्नशिपसाठी याहून चांगला परिसर देशात क्वचितच सापडेल. सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअरपेक्षा बहुधा कमी असतो, हे खरं आहे आणि ते लपवू नये. पण ज्याला दहावीपासून सायकलचे गिअर खोलून बसायची आवड आहे, त्याला चार वर्षं कोडिंगला जुंपल्यावर केटीचा ढीग लागतो, वायडी होतो म्हणजे वर्ष वाया जातं, आणि मग हातात काहीच राहत नाही. इलेक्ट्रिक गाड्यांमुळे तर इलेक्ट्रिकल, एन्टीसी आणि मेकॅनिकलच्या सीमाही पुसट होत चालल्या आहेत. शिवाय आता अभ्यासक्रमातच दुसऱ्या शाखेचं मायनर घेता येतं. मेकॅनिकल करता करता प्रोग्रामिंगही पक्कं करता येतं.

आवड कळायची कशी? करिअरच्या चाचण्यांपेक्षा एक साधा उपाय सांगतो. आयआयटी आणि आयआयएस्सीच्या प्राध्यापकांची एनपीटीईएलवरची व्याख्यानं फुकट आहेत. दोन-तीन शाखांतल्या प्राथमिक विषयांची सुरुवातीची व्याख्यानं मुलाला पाहू द्या. सगळं समजणार नाही. पण कुठे तो पुढचं व्याख्यान आपणहून लावतो आणि कुठे मोबाइल हातात घेतो, ते दिसेल.

कॅपचा फॉर्म: भीती काढून टाका

सर्वांत जास्त नुकसान इथे होतं, आणि ते पूर्णपणे टाळता येतं.

फॉर्ममध्ये पसंतीक्रमाने कॉलेज-शाखेच्या जोड्या भरायच्या असतात. अनेकांचा समज असतो की "मिळणार नाही ते वर टाकलं तर नंबर वाया जातो". तसं होत नाही. संगणक गुणवत्ता यादीतल्या पहिल्या विद्यार्थ्यापासून सुरुवात करतो. तुमचा क्रमांक आला की तुमची यादी वरून खाली वाचतो. पहिल्या पसंतीत तुमच्या प्रवर्गाची जागा शिल्लक आहे? नाही. दुसरीत? नाही. तिसरीत आहे? दिली. पहिल्या दोन ठिकाणी जागा नव्हती म्हणून तिसरीवरचा तुमचा हक्क कमी होत नाही. याचा अर्थ यादी मनापासून हव्या असलेल्या क्रमाने भरायची, कटऑफच्या क्रमाने अजिबात नाही. कटऑफचा उपयोग एवढाच की यादी पुरेशी खाली गेली आहे ना, तळाशी खात्रीने मिळतील अशा काही जोड्या आहेत ना, ते तपासायचं.

वरच्या ओळी भरताना मात्र सावध राहायचं. २०२५-२६ मध्ये चार फेऱ्या झाल्या आणि नियम असा होता: पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली तर जागा आपोआप पक्की, पुढच्या फेऱ्यांत भाग घेता येत नाही. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींपैकी काही मिळालं तर तसंच, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी. म्हणजे पहिल्या सहा ओळींत अशी एकही जोडी नको, जी मिळाल्यावर घरी तोंड पाडून बसावं लागेल. "बघू या, टाकून ठेवू" ही वृत्ती सातव्या ओळीनंतर. नियम दरवर्षी थोडे बदलतात, म्हणून सीईटी कक्षाची त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा, व्हॉट्सअ‍ॅपवरचा सारांश वाचून फॉर्म भरू नका.

पहिल्या तीन फेऱ्यांत आपोआप पक्की न होणारी जागा मिळाली आणि ती बरी असली तर ती स्वीकारून बेटरमेंटसाठी, म्हणजे यादीतल्या वरच्या पसंतीसाठी थांबता येतं. पुढच्या फेरीत वरचं काही मिळालं की आधीची जागा आपोआप जाते. दोन्ही हातात ठेवून निवडता येत नाही. म्हणून प्रत्येक फेरीआधी विचारायचा प्रश्न हा: हातातल्या जागेच्या वर यादीत जे जे आहे, ते मला खरंच याहून जास्त हवं आहे का?

कटऑफच्या तक्त्यातली सांकेतिक अक्षरं पाहून पालक गांगरतात. सुरुवातीचं जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठी राखीव. मधे प्रवर्ग. शेवटी एच म्हणजे गृह विद्यापीठाच्या जागा, ओ म्हणजे इतर विद्यापीठांच्या क्षेत्रातून आलेल्यांसाठी, एस म्हणजे राज्यस्तरीय. पुणे विद्यापीठाच्या क्षेत्रात पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे जिल्हे येतात. साताऱ्याच्या किंवा सोलापूरच्या मुलीने पुण्यातल्या कॉलेजचा एचचा कटऑफ पाहून हुरळून जाऊ नये, तिला ओचा रकाना पाहावा लागेल. गृह विद्यापीठ बारावी कुठून केली यावर ठरतं, हेही विसरू नका. घर हडपसरला पण बारावी लातूरला झाली असेल तर हिशोब बदलतो.

पैसा, आणि घाईत घेतलेली जागा

खासगी कॉलेजांचं शुल्क राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ते जाहीर असतं. त्याबाहेर पावतीशिवाय मागितलेली रक्कम म्हणजे डोनेशन, आणि १९८७ च्या कायद्याने राज्यात ते घ्यायला बंदी आहे.

वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएस ही शुल्कमाफीची योजना नक्की पाहा. प्रत्येक शाखेत मंजूर जागांच्या पाच टक्के जास्तीच्या जागा या योजनेत असतात आणि त्यांना शिक्षण शुल्क पूर्ण माफ असतं. विकास शुल्क वगैरे भरावं लागतं. या जागांचा कोड वेगळा असतो, तो यादीत स्वतंत्रपणे टाकावा लागतो, आणि कटऑफ बहुधा नेहमीच्या जागेपेक्षा वर जातो. खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती आणि हॉस्टेलसाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता, दोन्हींचे अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर.

मुलींच्या पालकांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. अट एकच मोठी: प्रवेश कॅपमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोटा किंवा संस्था स्तरावर घेतलेल्या जागेला ही सवलत नाही, अभिमत आणि खासगी विद्यापीठांतही नाही. जूनमध्ये कुणीतरी "आत्ताच बुक करा, नंतर मिळणार नाही" असं घाबरवतं आणि चार वर्षांची माफी एका दुपारीत हातची जाते. हे होताना पाहून फार वाईट वाटतं, कारण ज्या घरांना ही सवलत सर्वांत जास्त हवी असते, तीच घरं भीतीने आधी पैसे भरतात. कॅपच्या फेऱ्या होऊ द्या.

कागदपत्रांनी प्रवेश अडल्याची उदाहरणंही दरवर्षी दिसतात. जात वैधता प्रमाणपत्र, नॉन क्रीमिलेअर, ईडब्ल्यूएस, उत्पन्नाचा दाखला, अधिवास. निकालानंतर सेतू केंद्रात आणि पडताळणी समितीच्या कार्यालयात एकच गर्दी उसळते. बारावीच्या डिसेंबर-जानेवारीतच या कामाला लागा.

हॉस्टेल, मेस, बस यांचा खर्च वेगळा मांडा, आणि प्रवासाचा वेळही. धायरीतून तळेगावला किंवा वाघोलीतून ताथवड्याला रोज ये-जा करणाऱ्या मुलाचे दिवसाचे तीन तास रस्त्यावर जातात. मेट्रोने शिवाजीनगर, स्वारगेट, पिंपरीच्या आसपासच्या कॉलेजांचं अंतर कमी केलंय, बाकीच्यांचं नाही. साधारण सारख्या दोन विभागांत निवडायचं असेल तर मी जवळचा घेईन.

पर्सेंटाइल कमी आला म्हणून कुठल्याही कॉलेजात कुठलीही शाखा घ्यायची गरज नाही. दहावीनंतरचा तीन वर्षांचा डिप्लोमा करून गुणवत्तेवर थेट दुसऱ्या वर्षाला येता येतं, तिथे सीईटी लागत नाही. हा रस्ता घरातल्या धाकट्या भावंडासाठी ध्यानात ठेवा. गणेशखिंडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून आलेली मुलं डिग्रीच्या वर्कशॉपमध्ये इतरांना शिकवताना मी पाहिली आहेत.

जागा मिळाली, शुल्क भरलं आणि नंतर मन बदललं, तर ठरलेल्या मुदतीच्या आत प्रवेश रद्द केल्यास जास्तीत जास्त एक हजार रुपये कापून बाकी रक्कम परत मिळायला हवी. ती शेवटची तारीख वेळापत्रकात दिलेली असते, ती लिहून ठेवा. आणि मूळ प्रमाणपत्रं पडताळणी झाल्यावर परत मागून घ्या. कॉलेजला ती अडकवून ठेवायचा अधिकार नाही. कुणी नकार दिला तर लेखी कारण मागा आणि तंत्रशिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयात तक्रार करा.